परदेशात शिकवून मिळालेला पगार भारतातल्या आयकर विवरणपत्रात कसा दाखवायचा?

“तिथे कर कापून घेतलाय, मग इथे पुन्हा कशाला दाखवायचा?” परदेशी विद्यापीठात एखादं सत्र शिकवून परतलेले प्राध्यापक माझ्याकडे विवरणपत्रासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर तिथे कर कापला की नाही यावर ठरत नाही. त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारताचे निवासी होता की अनिवासी, यावर ते ठरतं. म्हणून पगाराच्या पावत्या बाजूला ठेवा आणि आधी पासपोर्ट काढा.

हा लेख आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाबद्दल आहे. त्याला १९६१चा आयकर कायदा लागू आहे. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे. त्यापुढच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतील, त्यामुळे इथले क्रमांक पुढच्या वर्षी तसेच वापरू नका.

आधी दिवस मोजा

पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं समोर ठेवून आर्थिक वर्षातले भारतातले दिवस मोजा. निघाल्याचा आणि परतल्याचा असे दोन्ही दिवस भारतातले धरा, म्हणजे हिशोब सुरक्षित बाजूला राहतो.

१८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल, तर तुम्ही निवासी. दुसरी कसोटी अशी : वर्षात किमान ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात असाल, तरीही निवासी. पण भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडून जातो, त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवस धरले जातात. अध्यापकांना ही तरतूद फार उपयोगी पडते. जुलैत निघून पुढच्या जूनपर्यंत शिकवायला गेलेली व्यक्ती जाण्याच्या वर्षी बहुधा अनिवासी ठरते, तर ऑक्टोबरच्या मध्यावर निघालेली व्यक्ती निवासी ठरते. नेमणूक तीच आणि पगारही तोच असतो. फरक पडतो तो फक्त निघण्याच्या तारखेने, आणि त्या फरकाची किंमत लाखांत असू शकते. नेमणुकीची तारीख अजून तुमच्या हातात असेल, तर ही मोजणी जाण्यापूर्वीच करा.

निवासी ठरलात, तर आणखी एक पायरी आहे. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात असाल, तर तुम्ही ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले’. बरीच वर्षं बाहेर शिकवून कायमचे परतलेले लोक पहिली दोन-तीन वर्षं याच गटात असतात. परदेशात शिकवून तिथेच मिळालेल्या पगारावर त्यांना भारतात कर लागत नाही आणि परदेशी मालमत्तेची अनुसूचीही भरावी लागत नाही. ही सवलत असताना घाईने सगळं जाहीर करून कर भरलेले लोक मी पाहिले आहेत.

भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर २०२०-२१ पासून तो निवासी मानला जातो. वैयक्तिक आयकर नसलेल्या आखाती देशांत शिकवणाऱ्यांना यामुळे धास्ती वाटते. पण असा निवासीही ‘सामान्यतः निवासी नसलेला’च असतो, त्यामुळे त्याच्या तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही.

अनिवासी ठरलात, तर परदेशी पगार विवरणपत्रात येत नाही. यात एक खाच आहे. अनिवासी माणसाचं जे उत्पन्न पहिल्यांदा भारतात हाती येतं, ते भारतात करपात्र होतं. म्हणून विद्यापीठाला थेट तुमच्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या बँक खात्यात पगार जमा करायला सांगू नका. तो आधी तिथल्या खात्यात येऊ द्या आणि मग हवा तेवढा घरी पाठवा. रजेच्या काळात इथलं महाविद्यालय देत असलेला पगार मात्र इथे करपात्र राहतोच.

इथून पुढचं सगळं सर्वसाधारण निवासी ठरलेल्यांसाठी आहे. त्यांच्या जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. तिथे भरलेला कर मात्र इथल्या करातून ठरावीक मर्यादेपर्यंत वजा करता येतो. पुढे ‘कराची वजावट’ म्हटलंय ती हीच.

करारातलं अध्यापकांचं कलम वाचा

भारताने अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच करारांत प्राध्यापक, शिक्षक आणि संशोधकांसाठी वेगळं कलम आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर करारांचा मजकूर मिळतो. आपल्या देशाचा करार उघडून ते एक कलम स्वतः वाचा, पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. भारत-अमेरिका कराराच्या कलम २२ प्रमाणे, भेटीच्या लगेच आधी भारताचा निवासी असलेला माणूस मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला किंवा संशोधन करायला दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या काळासाठी गेला, तर त्या मोबदल्यावर तिथला केंद्रीय आयकर लागत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या पगार विभागाकडे फॉर्म ८२३३ द्यावा लागतो. वर्षअखेर अशा सूट मिळालेल्या रकमेचा फॉर्म १०४२-एस मिळतो, आणि कर कापला गेलेल्या पगाराचा डब्ल्यू-२.

या कलमात दोन धोके आहेत. मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, तर अमेरिकेच्या करखात्याच्या भूमिकेनुसार संपूर्ण भेटीची सूट जाते, पहिल्या दोन वर्षांसकट. मुदतवाढीच्या पत्रावर सही करण्याआधी हे लक्षात घ्या. दुसरा धोका आपल्या बाजूचा आहे. ‘तिथे करमुक्त’ याचा अर्थ ‘इथेही करमुक्त’ असा होत नाही. त्या वर्षी तुम्ही भारताचे निवासी असाल, तर तो पगार इथे पूर्णपणे करपात्र आहे आणि तिथे कर भरलेला नसल्यामुळे वजा करायलाही काही नाही. सगळ्यात मोठे धक्के मी इथेच बसताना पाहिले आहेत. वर्षभर पूर्ण पगार हातात येतो, खर्च होतो आणि जुलैत एकदम मोठा कर समोर उभा राहतो.

उलट बाजूही पाहा. कराराने सूट असूनही विद्यापीठाने कर कापला आणि तुम्ही गप्प बसलात, तर भारत त्या कराची वजावट नाकारू शकतो, कारण करारानुसार तो कर देय नव्हताच. तो परतावा तिथे विवरणपत्र भरून तिथूनच मिळवायचा.

भारताचे निवासी असल्याचा दाखला तिथे मागितला गेला, तर भारतात फॉर्म १०एफए भरून अर्ज करावा लागतो. करअधिकारी फॉर्म १०एफबीमध्ये प्रमाणपत्र देतात. त्याला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वीच अर्ज करावा.

रुपयांत रूपांतर : बँकेत आलेली रक्कम धरू नका

विवरणपत्रात एकूण पगार दाखवायचा असतो, म्हणजे कर, विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी कापण्याआधीची रक्कम. खात्यात जमा झालेला निव्वळ आकडा दाखवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात कापलेल्या कराची वजावट पुन्हा मागितली, तर एकाच रकमेचा फायदा दोनदा घेतल्यासारखं होतं.

विनिमय दर आपल्या मनाने किंवा गुगलवर पाहून घ्यायचा नाही. आयकर नियम ११५ प्रमाणे भारतीय स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो दर, वापरायचा. पगारासाठी तो ज्या महिन्यात पगार देय झाला, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा असतो. सप्टेंबरच्या पगाराला ३१ ऑगस्टचा दर, ऑक्टोबरच्या पगाराला ३० सप्टेंबरचा. स्टेट बँक रोजचा दरतक्ता प्रसिद्ध करते, पण जुने तक्ते नंतर शोधणं जिकिरीचं होतं. परदेशात असतानाच दर महिनाअखेरीचा तक्ता उतरवून ठेवा. त्या दिवशी सुट्टी असेल, तर आदल्या कामकाजाच्या दिवसाचा घेण्याची पद्धत आहे.

कापलेल्या कराचं रूपांतर वेगळं करायचं. ज्या महिन्यात कर कापला किंवा भरला, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर त्याला लागतो. पगारातूनच कर कापला जात असेल, तर दोन्ही दर सहसा एकच येतात. पण विवरणपत्र भरताना तिथे वरचा कर भरला असेल, तर त्याचा दर निराळा.

एक साधा तक्ता करा : महिना, परकीय चलनातला एकूण पगार, दर, रुपये, कापलेला कर, दर, रुपये. पुढची सगळी अनुसूची याच तक्त्यावरून भरायची आहे. खात्याकडून विचारणा झाली, तर पहिलं हेच मागितलं जातं.

इथे वर्षांचा घोळ होतो. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल. त्यामुळे डब्ल्यू-२ किंवा पी-६० (ब्रिटनमधलं वार्षिक पगार-कर प्रमाणपत्र) यांवरचा आकडा उचलून भारतीय विवरणपत्रात टाकता येत नाही. आपल्याला एप्रिल ते मार्च अशाच महिन्यांची बेरीज हवी. म्हणून वार्षिक प्रमाणपत्राबरोबर दर महिन्याची पगारपावतीही जपायला हवी. विद्यापीठ सोडल्यावर तिथलं खातं बंद होतं आणि पावत्या मिळेनाशा होतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्या सगळ्या उतरवून घ्या.

किती कराची वजावट मिळते

नियम १२८ प्रमाणे वजावट दोन रकमांपैकी कमी असेल तितकीच मिळते : तिथे भरलेला कर, किंवा त्याच उत्पन्नावर भारतात येणारा कर. हिशोब प्रत्येक देशाचा आणि प्रत्येक उत्पन्नाच्या स्रोताचा वेगळा करायचा. करार असेल, तर कलम ९० आणि नसेल, तर कलम ९१.

एक काल्पनिक हिशोब करून पाहू. एक प्राध्यापिका १० ऑगस्ट २०२५ला गेल्या आणि २० डिसेंबरला परतल्या. भारतातले दिवस २३४, म्हणून निवासी. इथला पगार १४ लाख, तिथला एकूण पगार रुपयांत १२ लाख, आणि त्या देशाच्या करारात अध्यापकांसाठी सूट नाही. एकूण २६ लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरतात २५ लाख २५ हजार. २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख, वरच्या सव्वा लाखावर ३० टक्क्यांनी ३७,५००, म्हणजे ३,३७,५००. त्यावर ४ टक्के उपकर १३,५००. एकूण ३,५१,००० रुपये.

३,५१,००० ला २५,२५,००० ने भागलं, तर सरासरी दर १३.९ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रमाणित वजावट इथल्या पगारातून धरली, तर १२ लाखांवर भारतातला कर होतो १,६६,८१२ रुपये. तिथे १,२०,००० रुपये कर गेला असेल, तर तो पूर्ण वजा होईल. तिथे २,१०,००० गेला असेल, तर वजावट १,६६,८१२ वरच थांबेल. उरलेले ४३,१८८ रुपये परत मिळत नाहीत आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत.

अनेक जण १२ लाखांवर थेट ३० टक्के लावून भारतातला कर जास्त दाखवतात, कारण शेवटचा टप्पा तोच असतो. सरासरी दर लावा. आणि उपकर विसरू नका, वजावट त्याच्यासाठीही चालते. व्याज, विलंबशुल्क आणि दंड यांच्यासाठी चालत नाही.

सामाजिक सुरक्षेची वर्गणी हा आयकर नाही. अमेरिकेच्या करारात ती वजावटीला पात्र नाही. जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावरच्या आणि तिथल्या करकायद्याने अनिवासी असलेल्या अध्यापकाच्या पगारातून ही वर्गणी कापायचीच नसते. चुकून कापली असेल, तर आधी विद्यापीठाकडे परत मागा. नाही मिळाली, तर फॉर्म ८४३ भरून करखात्याकडे. अमेरिकेच्या राज्यांचा आयकरही करारात येत नाही. त्याची वजावट कलम ९१ खाली मागण्यावर वाद झालेले आहेत, त्यामुळे ती रक्कम मोठी असेल, तर सीएशी बोलूनच ठरवा.

फॉर्म ६७ आधी, विवरणपत्र नंतर

वजावट मागायची, तर फॉर्म ६७ ई-फाइलिंग पोर्टलवर ऑनलाइन भरावाच लागतो. नियमाप्रमाणे त्याची मुदत करनिर्धारण वर्षाच्या (आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरपर्यंत आहे, म्हणजे या वर्षासाठी ३१ मार्च २०२७. अट एवढीच की विवरणपत्र मूळ किंवा विलंबित मुदतीत भरलेलं असावं. तरीही माझा आग्रह असतो की तो विवरणपत्राच्या आधी भरा. विवरणपत्राची छाननी यंत्रणा करते आणि तिला फॉर्म ६७ सापडला नाही, तर वजावट शून्य धरून कराची मागणी येते. मग दुरुस्ती अर्ज आणि महिनोन्महिने वाट पाहणं.

फॉर्ममध्ये देश, उत्पन्नाचा प्रकार, रुपयांतली रक्कम, तिथला कर, त्याचा दर, भारतातला कर, कराराचं कलम आणि मागितलेली वजावट एवढंच विचारलं जातं. सोबत कराचा पुरावा जोडायचा. तिथल्या करखात्याचं प्रमाणपत्र किंवा कर कापणाऱ्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र सगळ्यात बळकट. ते नसेल, तर तुमचं स्वतःचं सही केलेलं निवेदन आणि कर भरल्याची किंवा कापल्याची पावती.

शक्य असेल, तर तिथलं विवरणपत्र आधी भरून टाका. तिथून काही परतावा मिळणार असेल, तर तो वजा करून उरलेलाच कर इथे दाखवायचा. पगारातून कापलेला पूर्ण आकडा इथे वजा करून घेतला आणि नंतर तिथून परतावाही आला, तर ती वजावट चुकीची ठरते.

विवरणपत्रात कुठे काय

परदेशी उत्पन्न किंवा परदेशी खातं असलेल्या निवासी व्यक्तीला विवरणपत्राचे आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे फॉर्म चालत नाहीत. पगार असेल, तर आयटीआर-२.

पगाराच्या अनुसूचीत इथल्या महाविद्यालयासारखंच परदेशी विद्यापीठही मालक म्हणून स्वतंत्र टाका. त्याला टॅन (भारतात कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) नसतो, ती चौकट रिकामी सोडा. पत्त्यात राज्याच्या यादीतून भारताबाहेरचा पर्याय निवडा. हे आधी करा, कारण एकूण उत्पन्नात बेरीज होते ती इथून. नंतरची एफएसआय (परदेशातून आलेल्या उत्पन्नाची) अनुसूची फक्त माहिती देते, ती उत्पन्न वाढवत नाही. फक्त एफएसआय भरून पगाराच्या अनुसूचीत रक्कम न टाकलेली विवरणपत्रं माझ्याकडे दुरुस्तीला आली आहेत.

एफएसआयमध्ये देश, तिथला करदाता क्रमांक, उत्पन्न, तिथला कर, इथला कर आणि दोहोंपैकी कमी रक्कम येते. तिथे करदाता क्रमांक मिळालाच नसेल, तर पासपोर्ट क्रमांक. टीआर अनुसूचीत याच वजावटीचा देशवार गोषवारा असतो. एफएसआय, टीआर आणि फॉर्म ६७ या तिन्ही ठिकाणचे आकडे रुपयापर्यंत जुळले पाहिजेत.

परदेशी बँक खातं : ही अनुसूची टाळू नका

पगारासाठी उघडलेलं खातं एफए (परदेशी मालमत्तेच्या) अनुसूचीत दाखवावं लागतं, त्यात आता शंभर डॉलर उरले असोत किंवा काहीच नसो. इथे वर्ष कॅलेंडरचं असतं. आर्थिक वर्ष २०२५-२६च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात कधीही असलेलं खातं येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये उघडून जानेवारी २०२६ मध्ये बंद केलेलं खातं या वर्षीही दाखवायचं आणि पुढच्या वर्षीही.

बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वाधिक शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक आणि व्याज, हे सगळं लागतं. मिळालेलं व्याज इतर उत्पन्नातही टाका.

काळा पैसा कायदा २०१५ प्रमाणे परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचं एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल, तर हा दंड लागत नाही. पण दंड नाही म्हणजे दाखवायचं नाही, असं नव्हे. देशोदेशींच्या बँकांची माहिती आता आपोआप आयकर खात्याकडे येते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने याच माहितीच्या आधारे करदात्यांना संदेश पाठवण्याची मोहीम घेतली होती.

अनेक वर्षं अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडात शिकवून परतलेल्यांचं तिथे निवृत्तिखातं असतं. या तीन देशांसाठी कलम ८९ए आहे. तिथे राहत असताना, भारताचे अनिवासी म्हणून उघडलेल्या खात्यातली वाढ दर वर्षी करपात्र न धरता पैसे काढताना धरता यावी, म्हणून मुदतीत फॉर्म १०-ईई भरायचा. एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही.

घरी बसून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत असाल तर

भारतात बसून शिकवता, म्हणून हे उत्पन्न भारतातच निर्माण होतं, विद्यार्थी कुठलेही असोत. अमेरिकी संस्थेने डब्ल्यू-८बेन (तुम्ही अमेरिकेबाहेरचे असल्याचं सांगणारा फॉर्म) मागितला, तर भरून द्या. काम अमेरिकेबाहेर झाल्यामुळे तिथे कर कापला जायला नको.

नोकरी नसून करारावरचं काम असेल, तर आयटीआर-३. कलम ४४एडीएची, जमा रकमेच्या निम्मीच रक्कम उत्पन्न धरण्याची सोय अनेक जण घेतात. पण त्या कलमाच्या व्यवसायांच्या यादीत अध्यापन नाही. ऑनलाइन शिकवणीच्या मंचाचं कमिशन, इंटरनेट, उपकरणांचा घसारा असे खरे खर्च वहीत लिहून वजा करा. उत्पन्न मात्र कमिशन कापण्याआधीचं दाखवा. रक्कम ३१ मार्चपूर्वी भारतात आली असेल, तर प्रत्यक्ष मिळालेले रुपये धरायचे. राहिलेल्या रकमेला ३१ मार्चचा टीटी बाइंग रेट.

आगाऊ कर आणि नंतरची कामं

परदेशी विद्यापीठ भारतात टीडीएस भरत नाही. वजावटीनंतर इथे १० हजार किंवा जास्त कर भरायचा उरत असेल, तर आगाऊ कर लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. तिथे सूट मिळालेल्यांनी हे परदेशातूनच करायला हवं, नाहीतर कलम २३४बी आणि २३४सीचं व्याज चढतं.

आयटीआर-२ची नेहमीची मुदत ३१ जुलै, विलंबित विवरणपत्राची ३१ डिसेंबर. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. तुम्ही अजून परदेशात असाल आणि भारतीय मोबाइल क्रमांक बंद असेल, तर ओटीपी येणार नाही. त्याची सोय आधी करा.

काही आठवड्यांनी कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येते. ती उघडून तुम्ही मागितलेली वजावट आणि खात्याने मान्य केलेली वजावट शेजारी शेजारी ताडून पाहा. दुसऱ्या रकान्यात शून्य दिसलं, तर आधी फॉर्म ६७ची पावती शोधा आणि ती हाताशी ठेवून पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा.